बत्तीस पुढे, वीस मागे

मी क्योतोत सायकलच्या दुकानात कामाला होते असं सांगितलं की भारतातून आलेले पाहुणे आधी माझ्या हातांकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा विद्यापीठात संशोधक आणि बायको पंक्चर काढते, हे गणित त्यांना काही केल्या सुटत नाही. आमचे हे अशा वेळी शांतपणे चहा ओततात आणि म्हणतात, "घरातल्या दोघांपैकी एकाचं तरी काम लोकांना समजावं, म्हणून ही सोय केलीय."

खरं तर मी सांगलीतून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात चांगली रुळले होते. ह्यांची क्योतोची फेलोशिप आली आणि मी 'दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे' म्हणत राजीनामा दिला. त्या दोन वर्षांना अजून अंत आलेला नाही. पहिला हिवाळा मी घरात बसून, कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा एवढ्या एकाच विषयात पारंगत होत काढला. मग एक दिवस देमाचियानागी स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका सायकलच्या दुकानावर 'बाइतो पाहिजे' अशी पाटी दिसली. बाइतो म्हणजे अर्धवेळ काम. आत शिरले. मालक मोरिता-सान यांनी माझ्याकडे पाहिलं, एक डगमगणारं चाक पुढे ठेवलं आणि स्वतः आत निघून गेले. परत आले तेव्हा चाक सरळ फिरत होतं. "उद्यापासून," एवढंच म्हणाले. सुलभा हे नाव त्यांना जमेना. मी सुरुबा-सान झाले ती निवृत्त होईपर्यंत.

आमच्या दुकानाची खासियत होती जुन्या माउंटन बाइक. डोंगरासाठी बनवलेली, जाड टायरची, लोखंडी सायकल. पण तिचा मालक आता शहरात राहतो, डोंगराकडे फक्त खिडकीतून बघतो. तिच्यावरचे एकवीस गिअर गंजतात, अडकतात, कुरकुरतात. अशा सायकलीचे सगळे गिअर काढून टाकायचे आणि एकच ठेवायचा. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, मधे चेन. बिघडण्यासारखं काही उरत नाही. काम सोपं. अवघड एवढंच, की तो एक गिअर कुठला?

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. पुढे बत्तीस दाते आणि मागे सोळा असतील, तर पायडलचा एक फेरा मारला की चाकाचे दोन फेरे होतात. पुढचे दाते वाढवा किंवा मागचे कमी करा, सायकल जड होते, पण सपाटीवर पळते. उलट केलंत तर हलकी होते, चढ चढते, पण सपाटीवर माणूस पाय भरभर फिरवत राहतो आणि बाजूने आजी पुढे निघून जातात. अनेक गिअरवाल्या सायकलीला रोज नवं मत असतं. एका गिअरवालीला एकदाच मत द्यायचं आणि ते निभवायचं.

त्यामुळे गिऱ्हाइकाला मी नुसतं 'कितीचा गिअर हवा' असं कधीच विचारत नसे. राहता कुठे, जाता कुठे, येताना हातात काय असतं, गुडघे कसे आहेत, असं सगळं विचारायचे. उत्तरं भलतीच मिळायची. तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थ्याला दोन्ही चक्रांचे दाते मूळ संख्येतच हवे होते. दिलं एकेचाळीस-सतरा. सायकल उत्तम चालली, तोच विचारात पडून दोनदा कालव्याच्या कठड्याला धडकला. एका आजींना नवऱ्याच्या सायकलीपेक्षा किंचित हळू जाणारी सायकल हवी होती. "पुढे गेले तर ते रुसतात आणि फार मागे राहिले तर वाट चुकतात," म्हणाल्या. कोण वाट चुकतं, ते मी विचारलं नाही.

पण सगळ्यात मला घाम फोडला तो आपल्याच माणसांनी.

मृण्मयी आणि अभिजित. ती जीवशास्त्रात पीएचडी करत होती, तिचं शेवटचं वर्ष. तो सॉफ्टवेअरमधला, ओसाकाला नोकरी. मुलगी ईरा, चार वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जपानीत द्यायची. घर कितशिराकावाच्या चढावर, डोंगराला टेकलेलं. ईराचं पाळणाघर खाली नदीजवळ, आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. सायकल एकच, मृण्मयीची, तिच्या आधीच्या कुणा विद्यार्थिनीने जाताना दिलेली. मागे मी स्वतः मजबूत कॅरिअर आणि मुलाची खुर्ची बसवून दिली होती.

त्यांची व्यवस्था मोठी हुशारीची होती. सकाळी अभिजित ईराला मागे बसवून चढावरून खाली यायचा, तिला पाळणाघरात सोडायचा, सायकल तिथेच लावायचा आणि देमाचियानागीहून ओसाकाची गाडी पकडायचा. संध्याकाळी मृण्मयी लॅबमधून चालत पाळणाघरात यायची आणि ईराला सायकलवर घालून घरी जायची. सायकल मुलीबरोबर, आईबाप आळीपाळीने.

फक्त पाळणाघराच्या दाटीत ती सायकल सारखी पडायची आणि नेमकी उजव्या अंगावर. मागच्या चाकाशी गिअर बदलणारं जे यंत्र लोंबतं ते दर वेळी वाकायचं आणि सायकल मधल्याच एका गिअरवर अडकून राहायची. मी तीनदा सरळ केलं. चौथ्यांदा मृण्मयी म्हणाली, "काकू, हे उपटूनच टाका. एकच गिअर ठेवा."

"बॅटरीची सायकल घे की," मी म्हटलं.

"वर्षभरात कुठे जाऊ तेच माहीत नाही. आणि मला हीच आवडते."

शनिवारी दोघं मिळून आली. मी विचारलं, "रस्ता कसा आहे?"

"सपाट," अभिजित म्हणाला.

"चढ," मृण्मयी म्हणाली.

दोघंही एकाच वेळी. मग एकमेकांकडे बघितलं.

"चढ कुठला गं? थोडासा उतार आहे, तोही छान आहे," तो म्हणाला. "काकू, मला जड गिअर द्या. सध्या ज्यावर अडकलीय त्या गिअरमध्ये पाय नुसते हवेत फिरतात. गाडी चुकते माझी."

"मला हलक्यात हलका द्या," ती म्हणाली. "मागे ईरा, पुढे भाजी, पाठीला लॅपटॉप. शेवटच्या वळणावर मी रोज उतरून ढकलत नेते."

"रोज?" तो म्हणाला. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तू मीटिंगमध्ये होतास."

मोरिता-सान कोपऱ्यात ट्यूब तपासत होते. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण जागा बदलून ते दुकानाच्या आतल्या भागात गेले. भाषा कुठलीही असो, नवराबायकोचा सूर त्यांना बरोबर कळायचा.

मी मधला मार्ग काढला. चौतीस-अठरा. शहाण्या माणसांनी मधला मार्ग काढला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पंधरा दिवसांत दोघंही नाराज. त्याचे पाय अजून हवेत फिरत होते आणि ती अजून त्याच वळणावर उतरत होती.

तेव्हा मी माझं डोकं चालवलं आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. पुढे दोन चक्रं लावली, छत्तीस आणि बत्तीस. मागे दोन, सोळा आणि वीस. छत्तीस अधिक सोळा बावन्न, बत्तीस अधिक वीसही बावन्न. बेरीज तीच, म्हणून चेनची लांबी तीच. मागचं चाक जरा सैल करायचं, चेन हाताने एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर ठेवायची, चाक घट्ट करायचं. सकाळी त्याच्यासाठी जड, संध्याकाळी तिच्यासाठी हलका. मोरिता-साननीसुद्धा मान डोलावली. मी त्या दिवशी घरी जाऊन श्रीखंड केलं.

आठवड्याभरात पाळणाघरातल्या बाईंनी मला रस्त्यात गाठून विचारलं, ईराच्या पाठीवर रोज काळे पंजे कसे उमटतात? संध्याकाळी मृण्मयी चेन बदलायची आणि त्याच हातांनी मुलीला उचलायची. सकाळी चेन परत जडवर ठेवायचं काम अभिजितचं. तो ते चोख करायचा. संध्याकाळी ती इतकी दमलेली असायची, की बरेचदा चेन न बदलता तशीच निघायची, जड गिअरवर, चढाला.

एका संध्याकाळी ती दुकानात आली. बाहेर ईरा खुर्चीत बसून हेल्मेटसकट पेंगत होती. मी चेनला तेल घालत होते.

"काकू, मी सोडून देणारे," ती म्हणाली.

"सायकल?"

"पीएचडी."

मी तेलाची बाटली खाली ठेवली.

"रोज ठरवते," ती म्हणाली. "त्या शेवटच्या वळणावर उतरते ना, तिथे रोज ठरतं माझं. घरी जाऊन स्वयंपाक, ईराचं जेवण, मग लिहायला बसायचं. झोप लागते. सरांना सोमवारी सांगून टाकणार. अभिजितचा पगार आहे, काही अडत नाही."

काही अडत नाही. हेच वाक्य मी पुण्यात राजीनामा देताना म्हटलं होतं, अगदी याच सुरात. एवढंच म्हटलं, "सोमवारी नको सांगूस. मला अजून एक आठवडा दे, गिअर बघते."

"गिअरने काय होणार, काकू?"

"बघू तरी."

दुसऱ्या दिवशी मी मोरिता-सानना माझा बेत सांगितला. ते खूप वेळ रिंच पुसत राहिले. "सुरुबा-सान," शेवटी म्हणाले, "आपण सायकल दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाचं घर नाही."

"सायकल एक आहे, घरही एकच आहे," मी म्हटलं.

"तक्रार आली तर?"

"माझं नाव सांगा."

"तेच सांगणार आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी पाळणाघराच्या फाटकाशी अभिजितला गाठलं. तो स्टेशनकडे धावायच्या तयारीत होता.

"अभिजित, तुझ्या सायकलचा कायमचा गिअर ठरवायचाय. पण माझ्याकडे माहिती अपुरी आहे."

"कसली माहिती, काकू?"

"तुझा सगळा डेटा एकाच दिशेचा आहे. खाली यायचा. एक आठवडा संध्याकाळी तू ईराला घरी ने, सकाळी मृण्मयीला आणू दे. मग दोघांनी मला सांगा. नाहीतर मी अंदाजाने काहीतरी ठोकून देईन आणि पुन्हा चुकेल."

डेटा म्हटल्यावर तो थांबला. दुसरं काही म्हटलं असतं तर गाडी पकडायला पळाला असता. "संध्याकाळी लवकर निघायला मॅनेजरला सांगावं लागेल," तो म्हणाला.

"सांग की. मृण्मयी रोज तिच्या सरांना सांगूनच निघते."

त्याने बॅग खांद्यावर चढवली आणि स्टेशनकडे निघाला. मला वाटलं, चिडला. आपण आगाऊपणा केला. शनिवार-रविवार मी घरात अस्वस्थ फिरत होते. आमचे हे म्हणाले, "तू गिअर बदललेस, की त्यांचं लग्न?" ते मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी पाळणाघर सुटायच्या वेळी मी उगाच दुकानाबाहेर झाडायला गेले. अभिजित आला. ऑफिसच्या शर्टात, टाय खिशात कोंबलेला. ईराला खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, माझ्याकडे बघून हात केला आणि ऐटीत निघाला. चेन जड जोडीवरच होती. मी हाक मारणार होते, पण तोंडातून आवाज काढला नाही. मोरिता-सान माझ्या मागे येऊन उभे होते. "छत्तीस-सोळा," ते पुटपुटले आणि आत गेले.

मंगळवारी तो आला तेव्हा मान खाली घालून आधी चेन हलक्या जोडीवर ठेवली. हात काळे झाले. शर्टही झाला.

गुरुवारी तो दुकानात आला. त्या दिवशी मागे ईरा, पुढच्या टोपलीत तांदळाची पिशवी आणि कोबी, पाठीला लॅपटॉप. मृण्मयीने सामानाची यादी मुद्दाम पाठवली होती की सहज, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"काकू," तो म्हणाला, "ते शेवटचं वळण."

"हं."

"तिथे रस्ता उभाच राहतो हो."

मागून ईराने आवाज दिला, "पापा, गाम्बात्ते!" जोर लावा, असं ती त्याला बहुधा तीन दिवस ऐकवत असावी, कारण त्याने डोळे मिटून घेतले.

मी स्टूल पुढे केलं. तो बसला. "मी घरी आलो की रोज तिला विचारायचो, एवढं दमायला काय झालं?" तो म्हणाला. "दिवसभर लॅबमध्ये एसीत तर असतेस. असंही म्हणालोय एकदा." मी त्याचं सांत्वन केलं नाही. असलं वाक्य माणसाने आपल्या कानांनी नीट ऐकून घ्यावं.

"जड जोडी काढून टाका," उठताना तो म्हणाला. "हलकाच ठेवा. मला सकाळी जरा लवकर निघता येईल, त्यात काय."

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी ईराला सोडून मृण्मयी आली. केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा टवटवीत.

"काकू, अभिजित खोटं बोलत नव्हता! हलक्या गिअरवर खाली येताना पाय खरंच हवेत फिरतात. मिक्सरमधल्यासारखे. बिचारा रोज असा यायचा. त्याचाच गिअर ठेवा, मी ढकलत नेईन. सवय आहे मला."

"आणि सोमवारी सरांना काय सांगितलंस?"

"सोमवारी वेळच नाही मिळाला," ती म्हणाली. "चार संध्याकाळी सलग बसले लॅबमध्ये. तिसरं प्रकरण संपलं. काकू, शांततेत किती लिहून होतं हो!"

म्हणजे आता नवरा बायकोचा गिअर मागत होता आणि बायको नवऱ्याचा. पूर्वीचं भांडण परवडलं होतं. त्यात निदान प्रत्येकाला स्वतःचं हित कळत होतं.

मोरिता-सानना मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना आवाज करून हसताना पाहिलं. मग त्यांनी स्वतः सायकल टांगली, पुढचं छत्तीसचं चक्र उतरवलं, मागचं सोळाचंही काढलं आणि दोन्ही माझ्या हातात ठेवली. "उतारावर पाय थांबवता येतात," ते म्हणाले. "चढावर थांबवले तर सायकल पडते."

बत्तीस पुढे, वीस मागे. चेनवर पत्र्याचं आवरण बसवलं, म्हणजे ईराच्या पाठीवरचे पंजेही गेले.

शनिवारी दोघं सायकल न्यायला आली. मी मोरिता-सानचं वाक्य मराठीत करून सांगितलं आणि वाद संपला. अभिजितने मॅनेजरशी बोलून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी स्वतःकडे घेतल्या होत्या. सोपं गेलं नाही. ऑफिसातल्या एका वरिष्ठाने 'बायको आजारी आहे का' असं विचारलं म्हणे. त्याने सांगितलं, "नाही, ती लिहितेय." हे मला मृण्मयीने सांगितलं, आणि सांगताना तिने दोनदा सांगितलं.

वसंतात तिची तोंडी परीक्षा झाली. झाल्यावर ती थेट दुकानात आली, परीक्षेचा काळा कोट अंगावर. मोरिता-सान बाहेर येऊन तिच्यापुढे कमरेत वाकले. तीही वाकली. दोघंही कोण आधी सरळ होतं याची वाट बघत राहिले. मी मधेच "अगं, पास झालीस ना?" म्हणून ओरडले तेव्हा सुटका झाली.

पुढे तिला उत्तरेकडे सेंदाईला काम मिळालं. अभिजितने त्याच्या कंपनीकडून घरून काम करण्याची परवानगी काढली. सामान जायच्या आदल्या दिवशी तो सायकल घेऊन माझ्या घरी आला. "तिथे बर्फ पडतो, काकू, बॅटरीवाली घेतोय. ही तुम्ही ठेवा."

मी ठेवली. आता मी निवृत्त आहे. इतकी वर्षं मी कितशिराकावाच्या चढासाठी कितीतरी लोकांना गिअर ठरवून दिले, पण माझं घर खाली नदीकाठी, सपाटीवर. त्या चढावर मी कधी सायकल घातलीच नव्हती. गेल्या महिन्यात एका सकाळी घातली. मागे मूल नाही, पुढे भाजी नाही. अर्ध्यापर्यंत मजेत गेले. शेवटचं वळण आलं आणि मी सायकलवरून उतरले.

दुकानात गेले. मोरिता-सान अजून रोज थोडा वेळ येऊन बसतात.

"वीस नाही पुरत," मी म्हटलं. "बावीस द्या."

त्यांनी खणातून बावीस दात्यांचं चक्र काढलं, आणि पान्यासाठी हात पुढे केला. पाना मी दिला नाही. चक्र मीच बसवलं, चेनला दोन कड्या जोडल्या, आणि दुपारी पुन्हा निघाले. वळण आलं. ते चढून होईपर्यंत मी तोंडाने काय काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण उतरले नाही.

वर पोचले तेव्हा एक बाई मुलाला मागे बसवून, जीभ दाताखाली धरून, माझ्या पाठोपाठ वर येत होती. मी रस्त्याच्या कडेला सरकले आणि घसा फाटेस्तोवर तिला ओरडून सांगितलं, "गाम्बात्ते!"